खिडकीजवळचं स्टूल

१

शेवटच्या खोलीपर्यंत पोचताना पाहुण्यांचे पाय गळालेले असत आणि डुफीचा घसा बसलेला असे. सकाळी किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय, मग जमिनीत रुतलेली, कुणालाच उपसता न आलेली जुनी तलवार, मग राजवाड्याजवळची दालनं आणि सगळ्यांत शेवटी आदुम पेठेतलं कोकोवाल्याचं घर. अशांती लोकांच्या कुमासी शहराच्या इतिहासाची ही फेरी ती आठवड्यातून पाच दिवस मारायची. बाकीच्या ठिकाणी ती नुसती वाटाडी होती. कोकोवाल्याचं घर हे तिच्या नोकरीचं ठिकाण. कोकोच्या कुणा व्यापाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं दुमजली घर, आता संग्रहालय झालेलं. खाली सोनं तोलायची पितळी वजनं आणि ढोल, वर कापडं आणि लाकडी व्हरांड्याच्या टोकाला ती शेवटची खोली. तिथे एकोणीस स्टुलं होती. प्रत्येक एकाच ओंडक्यातून कोरलेलं, बैठक दोन्ही बाजूंनी वर वळलेली.

ती सगळी आडवी ठेवलेली असत.

हे काम अमंक्वामामांचं. ते डुफीच्या आईचे भाऊ, आणि बावीस वर्षं त्या घराचे राखणदार. माणूस उठलं की स्टूल आडवं करायचं, हे अशांती घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उभं ठेवलं तर वाटेने जाणारं कुणीतरी येऊन त्यावर बसतं. कोण, ते कुणी विचारत नाही.

डुफीने विचारलं होतं. भर बैठकीत, संचालकबाईंसमोर.

"पाहुण्यांना वाटतं इथे भूकंप होऊन गेलाय," ती म्हणाली होती. "बैठकीवरचं कोरीव काम दिसत नाही, फोटो निघत नाही. हे घर नाही, संग्रहालय आहे."

"घरच होतं हे," मामा म्हणाले.

"होतं, मामा. होतं."

बाईंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी डुफीने स्वतःच्या हातांनी एकोणीसच्या एकोणीस स्टुलं उभी केली. मामा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. ती मात्र दिवसभर भांडण जिंकल्यासारखी चालत होती.

विद्यापीठातून इतिहास शिकून आल्यापासून तिला म्हाताऱ्या माणसांचं हे गप्प बसणं सहन व्हायचं नाही. आईचंही व्हायचं नाही. आईला, सेरवाला, जाऊन पाच महिने झाले होते. जायच्या आदल्या दिवशी तिने फोन केला होता, आज रात्रीच्या बसने ये म्हणाली होती. डुफी तेव्हा राजधानीत, अक्रात होती. "उद्या मुलाखत आहे, आई. परवा येते. उगाच नाटक करू नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती पोचली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर कापड होतं. मरणाऱ्याच्या ओठांवर शेवटचं पाणी मुलीने घालायचं, ते मामांनी घातलं होतं.

ती नोकरी मिळाली नाही. फोनवरचं ते वाक्य तिने कुणाला सांगितलं नाही. आईला एकदा, फक्त एकदा, ते परत घेतलं म्हणून सांगायचं होतं. बाकी तिला कुणाकडून काही नको होतं.

२

डिसेंबरात हरमॅटन सुरू झाला. वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा शहरावर पीठ चाळल्यासारखी धूळ टाकतो. ओठ फुटतात, सूर्य चंद्रासारखा फिका दिसतो, आणि रात्री पुसलेलं टेबल सकाळी बोटाने नाव लिहिण्याइतकं भरलेलं असतं.

एका सकाळी डुफी फडकं घेऊन स्टुलं पुसायला बसली. अठरा पुसली. एकोणिसाव्या, खिडकीजवळच्या स्टुलावर पुसायला काही नव्हतं.

म्हणजे कडांवर धूळ होती. पायांवर होती. पण बैठकीच्या मधोमध, वीतभर रुंद, लाकूड काळंभोर चमकत होतं. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

"मामा, खिडकीजवळचं तुम्ही पुसलंत?"

"मी स्टुलांना हात लावत नाही. तूच सांगितलंस."

"मग पुसलं कुणी?"

मामांनी झाडूच्या काड्या आपटून सारख्या केल्या. "पुसलंय असं कोण म्हणालं?"

खिडकीची फट असेल, तिने ठरवलं. वारा आत शिरतो, तिथेच वळतो, धूळ उडवून नेतो. तिने फटीवर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी बैठक तशीच स्वच्छ. मग संध्याकाळी पाच वाजता तिने खोलीला स्वतः कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या घरी नेल्या. मामांवर संशय घेताना तिला थोडी लाज वाटली. सकाळी कुलूप उघडलं, तेव्हा अठरा स्टुलं राखाडी होती. एकोणिसावं स्वच्छ होतं, आणि तिने तळवा टेकवला तर लाकूड कोमट लागलं.

ऊन येतं तिथे, ती स्वतःशी म्हणाली. खिडकी पश्चिमेला होती. सकाळचे आठ वाजले होते.

३

तिने संचालकबाईंना सांगितलं नाही. मामांना तर नाहीच. का सांगितलं नाही, हे ती स्वतःलाही नीट विचारत नव्हती.

पण ती बघायला लागली. त्या खोलीत पाहुण्यांचे घोळके आले की दाटीवाटीने उभे राहत, एकमेकांच्या पायावर पाय देत. तरी खिडकीजवळच्या स्टुलापुढे हातभर जागा मोकळी राही. कुणी ठरवून सोडत नसे. एकदा एक आडदांड माणूस फोटो काढत मागे मागे सरकत आला, स्टुलापाशी आला, आणि मान न वळवता म्हणाला, "माफ करा हं." मग बाजूला झाला. आपण कुणाची माफी मागितली, हे त्याला कळलंच नाही.

डुफीचं वाक्य मध्येच तुटलं. कोणत्या शतकातलं काय सांगत होती, ते आठवेना.

त्या दिवसापासून त्या खोलीत तिचा आवाज खाली यायला लागला. आजारी माणसाच्या खोलीत येतो तसा. सगळे गेले की ती मागे रेंगाळायची. लाकूड बारीक करकरायचं. लाकूड कोरड्या हवेत करकरतंच, हे तिला ठाऊक होतं. तरी ती दाराशी उभी राहून, कुणी ऐकणार नाही इतक्या हळू, म्हणायची, "आई?"

उत्तर येत नसे. उत्तर आलं नाही म्हणजे नाही असं थोडंच होतं, असा विचार ती करायची, आणि मग आपण असा विचार करतो याचा तिला राग यायचा.

४

शनिवारी शहरभर अंत्यविधी असतात. त्या शनिवारी दुपारी काळ्या-लाल कापडातली माणसं मांडवातून निघून सरळ कोकोवाल्याच्या घरी आली. एक म्हातारी, तिची लेक आणि परगावहून आलेले दोन-तीन नातेवाईक. त्यांना शहर बघायचं होतं.

शेवटच्या खोलीत म्हातारीने अशांती रीतीप्रमाणे उजवीकडून हात मिळवायला सुरुवात केली. आधी दारातल्या मामांचा हात हातात घेतला, मग डुफीचा. मग दोन पावलं पुढे जाऊन ती खिडकीजवळच्या स्टुलापुढे वाकली, हात पुढे केला, थोडा वेळ तसाच धरला आणि मागे घेतला.

म्हातारी वळली आणि डुफीला नखशिखांत बघत म्हणाली, "काय गं पोरी, तुमच्यात पाहुण्याला पाणी देत नाहीत का?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणते. बाई कधीची बसलीय. पाणी नाही, कशासाठी आलात म्हणून विचारणं नाही. माझ्या काळी कुत्र्यालासुद्धा असं ताटकळत ठेवत नसत."

तिची लेक पुढे झाली. "माफ करा हो. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं. एका बाजूचं दिसतच नाही तिला, मग नसलेलं भरून काढते. काल खांबाशी गप्पा मारत होती."

"खांब नव्हता तो, तुझा नवरा होता," म्हातारी म्हणाली. "बोलतही नव्हता काही."

सगळे हसले. डुफीही हसली. पण ती माणसं व्हरांड्यात गेल्यावर तिने म्हातारीचा दंड धरला.

"मावशी, ती कशी दिसते?"

म्हातारीने तिच्या हातावर आपला हात ठेवला. आता तिच्या आवाजातला खवचटपणा गेला होता.

"दमलेली," ती म्हणाली.

५

"ते खिडकीजवळचं आता आडवं करायला हवं," मामा म्हणाले. पाहुणे गेले होते. खाली तिकिटाची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझं वय साठ आहे, डुफी. त्यातली बावीस वर्षं मी या खोलीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर धुळीत रस्त्यावरचे दिवे दुपारीच लागले होते.

"मामा, आई असेल तर?"

मामांनी टोपी काढली आणि हातात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर तिने असा कळवळा कधी बघितला नव्हता. त्यांना तिचा राग आला असता तर बरं झालं असतं.

"स्टूल उभं दिसलं की जी वाटेवर असते ती बसते. कुणाचं स्टूल, कुणाची मुलगी, बसणाऱ्याला काय ठाऊक?"

"पण असू शकेल."

"असू शकेल," ते म्हणाले. खोटं बोलायला ते कच्चे होते. "कुणीही असो, ती आता नुसतं आडवं करून जायची नाही. जागा दिलीस, मग पाणी द्यायला हवं. निरोप विचारायला हवा. न विचारता पाहुणा उठणार कसा? बिचारी महिनाभर तशीच बसून आहे."

बिचारी. हा शब्द डुफीच्या मनात रुतला. महिनाभर ती फक्त आपल्याला काय हवंय याचा विचार करत होती.

"सोमवारी बंद असतं," ती म्हणाली. "सोमवारी विचारू."

६

सोमवारी झाडलोट नव्हती. जिन्यावर, व्हरांड्यावर धुळीचा थर तसाच होता. दोघं त्यावरून चालत गेली. दुपारचे तीन वाजले होते. खालच्या बाजारातून भोंग्यांचे आणि बायकांच्या हाकांचे आवाज येत होते. डुफीला ते आवाज हवेहवेसे वाटले.

मामांनी भोपळ्याच्या कटोऱ्यात पाणी आणलं होतं. तो त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीजवळच्या स्टुलापुढे ठेवला, मागे सरले आणि खांद्यावरचं कापड खाली घेतलं. मोठ्या माणसापुढे घेतात तसं.

"इथे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "वाटेवर तुम्ही आहात. काय निरोप आणलात?"

मग त्यांनी मान कलती करून कान दिला. डुफीला काही ऐकू येत नव्हतं. बाजाराचे आवाजही येईनासे झाले आहेत, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"म्हणतात, वाईट काही घेऊन आले नाही."

"आईबद्दल विचारा ना," डुफी म्हणाली.

"थांब." मामांनी ओठ ओले केले. "म्हणतात... सेरवा वाटेत भेटली होती. बरी आहे. म्हणाली, माझ्या मुलीला सांगा, मी रागावले नाही. काम महत्त्वाचं होतं, ते मला कळतं."

डुफी तोंडावर हात धरून उभी राहिली. पाच महिने ज्या शब्दांसाठी ती झुरली होती, तेच शब्द, अगदी तेच.

अगदी तेच होते, म्हणूनच तिचं डोकं हळूहळू चालायला लागलं. आई रागावली नाही? ताटलीला तडा गेला म्हणून जिने सख्ख्या बहिणीशी दोन वर्षं अबोला धरला, ती पाच महिन्यांत समजुतीने बोलायला लागली?

"मामा, हे तुम्ही बनवलंत."

मामा जमिनीकडे बघत होते.

"पहिलं वाक्य त्यांचं होतं," ते म्हणाले. "पुढचं माझं. पाच महिने तू धड जेवत नाहीस, पोरी. फोनवर काय बोललीस ते सेरवाने मला सांगितलं होतं. मला वाटलं, एवढं दिलं तर..."

"खरं काय म्हणाल्या त्या? आईबद्दल?"

"विचारलं मी. ओळखत नाहीत. कुणीतरी वाटेने जाणारी बाई आहे, डुफी. फार लांबून आली, जागा दिसली, बसली. आता निघायचं म्हणते. रस्ता मागतेय."

निघताना पाहुणा रस्ता मागतो. घरचं माणूस हसून त्याला अर्धाच देतं आणि उरलेला अर्धा आपल्याकडे ठेवून घेतं, म्हणजे पाहुण्याला परत यावं लागतं. डुफीच्या घरी कुणीही निघालं की आई असंच म्हणायची. सगळीकडे असंच म्हणतात.

"स्टूल उभं तू केलंस," मामा म्हणाले. "रस्ताही तूच द्यायचा. पण आज अख्खा दे. मागे काही ठेवू नकोस. म्हण, अख्खा रस्ता दिला."

डुफी स्टुलापुढे आली. पाण्यावर धुळीचा एक कणही नव्हता. कटोऱ्यापलीकडे, खिडकीच्या फिक्या उजेडात, क्षणभर तिला गुडघे दिसले. कापडाखालचे, एकमेकांना चिकटवून धरलेले, परक्या घरी फार वेळ अवघडून बसलेल्या बाईचे. तिने डोळे मिटून उघडले, तेव्हा नुसतं लाकूड होतं.

ही गेली की संपलं. त्या वाटेवरून तिच्याकडे पुन्हा कुणी येणार नाही. ही निदान त्याच वाटेने जाणार आहे. आज ओळखत नसेल, उद्या भेटेल. आणि परत आली तर सांगेल.

"अर्धा रस्ता दिला," डुफी म्हणाली. "अर्धा इथे ठेवला."

मामांनी इतक्या जोरात श्वास घेतला की तिने वळून बघितलं.

"काय केलंस हे?"

"फक्त एकदा. आई भेटली तर विचारून येतील, मग मी अख्खा देते. मी शपथ घेते, मामा."

"आणि तिची कुणी वाट बघत असेल तर?"

हा प्रश्न डुफीला सुचलाच नव्हता.

मामांनी स्टूल आडवं केलं. ते सहज आडवं झालं, काही वजनच नसल्यासारखं. कटोरा उचलून ते तिच्याकडे न बघता बाहेर पडले. त्यांच्या चपला व्हरांड्यावरून जिन्यापर्यंत आणि जिन्यावरून खाली वाजत गेल्या.

७

बाजाराचे आवाज परत आले होते. डुफीने एकेक करून उरलेली अठरा स्टुलंही आडवी केली. कुणी सांगितलं नव्हतं. हातांना काहीतरी काम हवं होतं. मग तिने खिडकी लावली, किल्ली घेतली आणि दाराबाहेर पाऊल टाकता टाकता थांबली.

व्हरांड्याच्या धुळीत येतानाचे ठसे होते, तिच्या बुटांचे आणि मामांच्या चपलांचे. जातानाचेही होते, मामांचे एकट्याचे, सरळ जिन्याकडे.

त्यांच्यावरून आणखी एक रांग गेली होती. अनवाणी पावलं, रुंद, टाचांना भेगा. धुळीत त्या भेगासुद्धा उमटल्या होत्या. दारापासून निघून ती मामांच्या ठशांवर पाय देत गेली होती, आधी हळू, मग लांब लांब टाकत. घरी जायची घाई असल्यासारखी.

व्हरांड्याच्या बरोबर मध्यावर ती थांबली होती.

तिथे धूळ तुडवलेली होती. पुढे जायला बघितलं होतं, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. जिन्याच्या बाजूला बोटांचे अर्धवट ठसे एकावर एक पडले होते, सगळे एकाच रेषेपाशी संपणारे. आणि त्यानंतरचे शेवटचे दोन ठसे शेजारी शेजारी, नीट टेकवलेले. त्यांच्या टाचा जिन्याकडे होत्या. बोटं डुफीकडे.

"अख्खा," डुफी म्हणाली. तिने पुन्हा म्हटलं, "अख्खा रस्ता दिला. जा तुम्ही. चुकलं माझं, जा."

ठसे हलले नाहीत. वाऱ्याने व्हरांड्यावर नवी धूळ आणली, ती मामांच्या ठशांत भरली, तिच्या बुटांच्या ठशांत भरली. त्या दोन पावलांत भरली नाही.

"डुफी," खालून मामांची हाक आली. "ये आता."

खाली जायला दुसरा जिना नव्हता.